श्वासवाहिनी आवळते कशी? कॅल्शियमचा निरोप आणि फॉस्फेटची टिकली

दम्याबद्दल थोडंफार वाचलेल्या माणसाला एक गोष्ट हटकून खटकते. श्वासवाहिन्यांभोवतीचा स्नायू कॅल्शियममुळे आवळतो, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. रक्तदाबासाठी तर कॅल्शियमची वाट अडवणाऱ्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. मग त्याच गोळ्या दम्याला का देत नाहीत? त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो, तो घरातून: हाडांसाठी चालू असलेली कॅल्शियमची गोळी बंद करायची का?

दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांचं उत्तर मात्र ‘कॅल्शियम किती’ यात सापडत नाही. ते कुठून येतं, किती वेळा येतं आणि आल्यावर कोणतं एन्झाइम कामाला लागतं, यावर सगळं ठरतं. एन्झाइम म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर: एखादी रासायनिक क्रिया कैक पटींनी वेगानं घडवून आणणारं प्रथिन.

## नळी थोडीशी आवळली तर एवढी धाप का लागते?

मुख्य श्वासनलिकेत घोड्याच्या नालेसारख्या कूर्चा असतात आणि मागची उघडी बाजू स्नायूनं बांधलेली असते. ती नलिका फाटे फुटत फुटत सुमारे २३ वेळा विभागते. खाली एक मिलिमीटरच्या आसपासच्या वाहिन्यांपर्यंत येताना कूर्चा संपतात, स्नायू मात्र राहतो, नळीभोवती तिरका गुंडाळलेला. पिशवीच्या तोंडाला ओवलेली नाडी ओढावी, तसा तो आवळला की तोंड बारीक होतं.

नळीतून हवा संथ वाहत असेल तर तिला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. हिशेब करून पाहा. त्रिज्या २० टक्क्यांनी कमी झाली, तर अडथळा जवळपास अडीचपट होतो. त्रिज्या निम्मी झाली, तर १६ पट. शिवाय दम्यात नळीची भिंत आधीच सुजलेली असते, आत कफ असतो. त्यामुळे स्नायू तेवढाच आखडला तरी उरलेली वाट आणखी लहान होते.

## दंडाच्या स्नायूत आणि यात फरक काय?

पुढचं सगळं या फरकावर उभं आहे, म्हणून इथे थोडं थांबू. ओढण्याची रीत दोन्हीकडे सारखीच. मायोसिन नावाचं जाड तंतूतलं प्रथिन ॲक्टिनच्या बारीक तंतूला धरतं आणि दोर ओढावा तसं ओढतं. दंडाच्या स्नायूत ॲक्टिनच्या तंतूवर ट्रोपोनिन नावाचं कुलूप असतं. कॅल्शियम त्याला लागलं की ते काही मिलिसेकंदांत उघडतं.

श्वासवाहिनीच्या मृदू स्नायूत हे कुलूपच नाही. इथे मायोसिन स्वतःच निजलेलं असतं. त्याला उठवायला त्याच्या मानेजवळच्या एका छोट्या साखळीवर फॉस्फेटचा गट चिकटवावा लागतो. आपण त्याला फॉस्फेटची टिकली म्हणू. टिकली लावली की मायोसिन ओढू लागतं, काढली की सैल पडतं. लावणारं एक एन्झाइम, काढणारं दुसरं. कॅल्शियमला या एन्झाइमाच्या मार्फतच काम करावं लागत असल्यामुळे हा स्नायू सावकाश आवळतो, सेकंदांच्या हिशेबानं. पण एकदा आवळला की चिवट राहतो.

## दहा हजारपट तफावत कशासाठी?

पेशीच्या बाहेरच्या द्रवात मोकळं कॅल्शियम लिटरमागे सुमारे १.२ मिलिमोल असतं. स्नायू स्वस्थ असताना पेशीच्या आत ते फक्त १०० नॅनोमोलच्या घरात. म्हणजे आतबाहेर दहा हजारपटींहून जास्त फरक! पेशी ही तफावत टिकवण्यासाठी सतत ऊर्जा खर्च करते, आणि तो खर्च वाया जात नाही. आत शांतता असेल तरच हलकी कुजबुज ऐकू येते. आतली पातळी नुसती ५०० ते १००० नॅनोमोलवर गेली तरी पेशीला तो स्पष्ट निरोप वाटतो.

पेशीच्या आत कॅल्शियमची स्वतःची कोठीही असते. तिच्या भिंतीवर सर्का नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. ऊर्जेचा एक रेणू, म्हणजे एक एटीपी, खर्चून ते कॅल्शियमचे दोन आयन पेशीद्रवातून उपसून कोठीत टाकतं. स्नायू सैल पडायचा तर हा उपसा नीट चालायला हवा. दम्याच्या रुग्णांच्या श्वासवाहिनीतल्या स्नायूपेशींत हे एन्झाइम कमी प्रमाणात आढळलं आहे. म्हणजे भरणा रोजचाच, पण उपसा अपुरा.

## निरोप आत पोचतो कसा?

मेंदूकडून येणारी व्हेगस ही चेता श्वासवाहिनीजवळ ॲसिटिलकोलिन सोडते. स्नायूपेशीच्या पटलावर त्यासाठी एक ग्राही असतो. दारावरची घंटा समजा. ॲसिटिलकोलिनची ही घंटा एम-३ म्हणून ओळखली जाते. ॲलर्जीत सुटणाऱ्या हिस्टामिनची घंटा वेगळी, ल्युकोट्रिनची आणखी वेगळी. पण आतली तार बरीचशी एकच.

घंटा वाजली की फॉस्फोलिपेज-सी हे एन्झाइम जागं होतं आणि पटलातल्याच एका स्निग्ध रेणूचे दोन तुकडे करतं. त्यातला एक तुकडा, आयपी-३, पटल सोडून पेशीद्रवात तरंगत कोठीपर्यंत जातो आणि तिचं दार उघडतो. आतलं कॅल्शियम भसकन बाहेर येतं. आयपी-३ हे काम करतं हे १९८३ साली दाखवलं गेलं. योगायोग असा की स्नायूला कॅल्शियम लागतं हे सिडनी रिंगर यांनी बेडकाच्या हृदयावर दाखवलं ते १८८३ साली, बरोबर शंभर वर्षं आधी. आधी त्यांच्या प्रयोगातलं हृदय छान चालत होतं, कारण द्रावण नळाच्या पाण्यात केलेलं होतं आणि त्या पाण्यात कॅल्शियम होतं. ऊर्ध्वपातित पाणी वापरताच हृदय मंदावलं!

फुप्फुसाचा पातळ काप जिवंत ठेवून, कॅल्शियम लागताच चमकणारं रंगद्रव्य त्यात भरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर आणखी एक गोष्ट दिसते. ॲसिटिलकोलिनचा थेंब पडला की पेशीच्या एका टोकाला उजेड होतो, तो लहरीसारखा दुसऱ्या टोकाकडे धावतो आणि विझतो. पुन्हा उजेड, पुन्हा लहर. दिवा लागून राहत नाही, तो लुकलुकतो. थेंबाचं प्रमाण वाढवलं की लहरी जास्त वेळा येऊ लागतात आणि वाहिनी जास्त आवळते. स्नायू आळशी असल्यामुळे प्रत्येक लहरीगणिक तो आवळत-सैलावत बसत नाही. एक टिचकी विरायच्या आत दुसरी बसते आणि ताण टिकून राहतो.

कोठी अर्थातच अक्षय नसते. ती रिकामी होऊ लागली की तिच्या भिंतीतलं स्टिम हे प्रथिन ते ओळखतं आणि बाहेरच्या पटलावरची ओराय नावाची दारं उघडवतं. बाहेरून कॅल्शियम येतं, कोठी भरते, लहरी चालू राहतात. ही ओरायची दारं लक्षात ठेवा, रक्तदाबाच्या गोळीचं उत्तर तिथे आहे.

## टिकली लावणारा आणि काढणारा

आत आलेलं कॅल्शियम मायोसिनकडे थेट जात नाही. आधी ते कॅल्मोड्युलिन या छोट्या प्रथिनाला धरतं. एका कॅल्मोड्युलिनवर कॅल्शियमच्या चार जागा असतात. त्या भरल्या की कॅल्मोड्युलिनचा आकार बदलतो आणि ते मायोसिन काइनेज या एन्झाइमाला जाऊन मिठी मारतं. काइनेज म्हणजे टिकली लावणारं एन्झाइम. दुसऱ्या बाजूला मायोसिन फॉस्फटेज टिकल्या काढण्याचं काम करत असतंच.

टाकीचं उदाहरण घ्या. वरून नळ चालू आहे, तळाला भोक आहे. टाकीतलं पाणी म्हणजे टिकली लावलेलं मायोसिन. पातळी वाढवायला नळ मोठा करता येतो, तसंच नळाला हात न लावता भोक बुजवूनही पातळी वाढते. नळ कॅल्शियमच्या हातात आहे. भोक बुजवण्याचं काम करतं ऱ्हो काइनेज नावाचं एन्झाइम. ते फॉस्फटेजच्याच एका भागावर टिकली लावून त्याला निकामी करतं. गंमत अशी की टिकल्या काढणाऱ्यालाच टिकली लावून गप्प बसवलं जातं.

माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा मुद्दा हाच. ॲसिटिलकोलिन एकाच वेळी दोन्हीकडून काम करतं: कॅल्शियम वाढवून नळ सोडतं आणि ऱ्हो काइनेज चेतवून भोक बुजवतं. म्हणून कॅल्शियम सुरुवातीच्या उसळीनंतर बरंच खाली आलं तरी आकुंचन तितकं उतरत नाही. दीर्घकाळच्या सुजेत सुटणारी काही रसायनं हीच ऱ्हो काइनेजची वाट आणखी तल्लख करतात, असं प्राण्यांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. धूर किंवा थंड हवा लागताच एकाची श्वासवाहिनी जेवढी आवळते, त्याहून दुसऱ्याची कितीतरी जास्त का आवळते, याचं एक कारण इथे असावं.

आणखी एक खोड आहे. टिकली काढली तरी ॲक्टिनला धरलेलं मायोसिन लगेच हात सोडत नाही, अगदी कमी ऊर्जेत नुसतं धरून राहतं. दार ढकलत उभं राहण्याऐवजी कडी लावून टाकावी, तसं. ही धरलेली पकड सोडवायला ताण उपयोगी पडतो. दीर्घ श्वास घेतला की फुप्फुस नळीला बाहेरून ताणतं आणि निरोगी माणसाची वाहिनी त्यानं सैलावते. दम्यात दीर्घ श्वासाचा हा फायदा कमी मिळतो.

## मग पंप नेमकं काय करतो?

साल्बुटामॉलचा पंप कॅल्शियमला थेट हात लावत नाही. तो बीटा-२ ही वेगळीच घंटा वाजवतो. त्यावर ॲडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम एटीपीपासून सायक्लिक एएमपी बनवतं आणि त्यानं पीकेए हे काइनेज जागं होतं. पीकेए बऱ्याच ठिकाणी टिकल्या लावत सुटतं. कोठीची दारं कमी वेळा उघडतात, लहरी मंदावतात, आणि फॉस्फटेजला पुन्हा मोकळीक मिळते. नळ बारीक, भोक मोकळं. पाच मिनिटांच्या आत आराम वाटू लागतो आणि तो साधारण चार ते सहा तास टिकतो.

इप्राट्रोपियम किंवा टायोट्रोपियम हे एम-३ची घंटाच झाकून ठेवतात. माँटेलुकास्ट ल्युकोट्रिनची घंटा झाकतं. एक वाट बंद केली तरी दुसऱ्या घंटा उघड्या राहतात, म्हणून एकाच रुग्णाला दोन वेगळ्या जातीची औषधं देण्यात अर्थ असतो.

सायक्लिक एएमपी मोडणारी एन्झाइमं असतात, त्यांना फॉस्फोडायएस्टरेज म्हणतात. ती अडवली की सायक्लिक एएमपी टिकतं. थिओफिलिन हे जुनं औषध हीच एन्झाइमं अडवतं, पण त्याची उपयोगी आणि घातक मात्रा एकमेकींना खेटून आहेत. रक्तात मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम ही जुनी पाठ्यपुस्तकी मर्यादा. त्यापुढे उलट्या, धडधड आणि बरंच पुढे गेलं तर झटके. ते यकृतातल्या एन्झाइमनं मोडतं, आणि सिगारेटच्या धुरानं ते एन्झाइम वाढतं. म्हणून धूम्रपान करणाऱ्याला जास्त मात्रा लागते आणि त्यानं सिगारेट सोडली की तीच मात्रा जड होऊ शकते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं प्रतिजैविक सुरू झालं तरीही तेच. थिओफिलिन घेणाऱ्यानं यातला कोणताही बदल डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवा. कॉफीतलं कॅफिन याच कुळातलं आहे. ते श्वासवाहिन्या किंचित सैल करतं, म्हणून फुप्फुसांच्या तपासणीआधी काही तास कॉफी नको म्हणतात. औषध म्हणून तिचा भरवसा धरण्यात अर्थ नाही.

## रक्तदाबाची गोळी का चालत नाही?

निफेडिपिन, ॲम्लोडिपिन, व्हेरापॅमिल ही औषधं विजेच्या दाबानं उघडणारी कॅल्शियमची दारं बंद करतात. रक्तवाहिनीच्या स्नायूत त्या दारांना मोठं महत्त्व आहे. श्वासवाहिनीच्या स्नायूत ही दारं आहेत, पण मुख्य कॅल्शियम कोठीतून येतं आणि ती भरायला ओराय असते. पुढचं दार लावून काय उपयोग, माल मागच्या गोदामातून येतोय! शिवाय ऱ्हो काइनेजच्या कामात या गोळ्यांची ढवळाढवळ नाही. त्यामुळे दम्यावर त्यांचा परिणाम नगण्य ठरला. उलट बाजूनं पाहिलं, तर दमा असलेल्यानं रक्तदाबासाठी त्या घ्यायला हरकत नसते.

धोका आहे तो बीटा-ब्लॉकरचा. प्रोप्रॅनोलॉल बीटा-२ची घंटा झाकतं. काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा अश्रुमार्गातून नाकात, तिथून रक्तात जाऊन दमा उसळवू शकतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याचं सांगायचं बहुतेकांना सुचत नाही.

जबर दम्यात, नेहमीच्या औषधांना दाद मिळत नसेल तर, प्रौढांना २ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून सुमारे २० मिनिटांत देतात. मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत आडवं येतं. हा उपाय फक्त रुग्णालयातला.

## दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद कराव्यात का?

नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर डेसीलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम या पट्ट्यात घट्ट धरून ठेवतं. गोळी घेतल्यानं ते क्षणभर थोडं हललं, तरी बाहेर आधीच आतल्यापेक्षा दहा हजारपट आहे. समुद्रात लोटाभर ओतल्यानं बंधाऱ्याचं दार उघडत नाही. दार उघडतं ते घंटा वाजल्यावर. स्टेरॉइडच्या गोळ्या वारंवार घ्याव्या लागणाऱ्यांची हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो. अशांनी मनानं कॅल्शियम बंद करणं तर उलटंच पडेल.

## घंटा वाजतच राहिली तर?

ॲसिटिलकोलिनचा निरोप संपवणारं एन्झाइम म्हणजे ॲसिटिलकोलिनेस्टरेज. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलिन मोडतो. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकी याच एन्झाइमाला जाऊन चिकटतात. मग ॲसिटिलकोलिन साचत जातं, श्वासवाहिन्या आवळतात आणि त्यांत पाण्यासारखा स्राव भरतो. उपचारात ॲसिटिलकोलिनची घंटा झाकणारं ॲट्रोपिन वाढवत नेतात, आणि पुरेसं झालं की नाही हे छाती मोकळी झाली का यावरून ठरवतात; डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या एवढ्यावर विसंबणं चूक. प्रॅलिडॉक्सिम एन्झाइम सोडवू पाहतं, पण उशीर झाला की ती पकड कायमची होते.

याच एन्झाइमाचा दुसऱ्या टोकाचा उपयोग दम्याच्या तपासणीत होतो. मेथाकोलिन हे ॲसिटिलकोलिनचंच भावंड, एक मिथाइल गट जास्त असलेलं. त्यामुळे एन्झाइम त्याला सावकाश मोडतं आणि परिणाम मोजायला वेळ मिळतो. चढत्या मात्रेत ते हुंगवतात आणि जोरात फुंकलेल्या पहिल्या सेकंदातली हवा २० टक्क्यांनी कमी झाली की थांबवून साल्बुटामॉल देतात. जितक्या कमी मात्रेत घट होईल, तितकी वाहिनी जास्त चिडखोर.

## पंपानं बरं वाटतं, मग तोच पुन्हा पुन्हा का घेऊ नये?

घंटा सतत वाजली तर पेशी ती काढून ठेवते. जीआरके नावाची काइनेजं बीटा-२ ग्राहीवरच टिकल्या लावतात, अरेस्टिन हे प्रथिन त्यावर बसतं आणि ग्राही पेशीच्या आत ओढला जातो. आराम कमी काळ टिकू लागतो. हात थरथरणं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरणं हे वेगळंच. शिवाय साल्बुटामॉल स्नायू सैल करतं, सूज तशीच राहते, आणि बरं वाटल्यामुळे तिच्याकडे लक्ष जात नाही. म्हणूनच दम्याच्या उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या जीना या जागतिक संस्थेनं २०१९ पासून प्रौढांना आणि किशोरवयीनांना फक्त तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये, सोबत हुंगायचं स्टेरॉइड हवंच, असं सांगितलं. स्टेरॉइड सूज उतरवतं आणि बीटा-२ ग्राही नव्यानं बनवायलाही पेशीला लावतं.

## कडू चवीचं कोडं

२०१० साली असं दिसलं की जिभेवर असतात तसे कडू चवीचे ग्राही श्वासवाहिनीच्या स्नायूवरही आहेत. कडू द्रव्यांनी ते चेतवल्यावर पेशीत कॅल्शियम वाढलं, म्हणजे वाहिनी आवळायला हवी होती. ती सैल पडली! एक स्पष्टीकरण असं, की हे कॅल्शियम पटलाजवळच्या कोपऱ्यात राहून पोटॅशियमच्या वाटा उघडतं आणि पेशी शांत होते. दुसऱ्या गटांना ते पटलेलं नाही. त्यांच्या प्रयोगांत कडू द्रव्यांनी कोठीतून येणाऱ्या लहरीच थांबवल्या. वाद चालू आहे, आणि कडू काढे पिऊन काही होईल असा याचा अर्थ नाही. प्रयोगात वापरलेलं प्रमाण थेट स्नायूवर पोचवलेलं होतं. पोटातून तेवढं तिथे पोचत नाही.